सारंगीवर भंडारा

मंडळी, आज डोकं फिरलंय! नेपाळी लोकवाद्यांचा बँड अणदूरला आणायला मी वर्षभर खटपट केली. आज खंडोबाच्या देवळापुढं सारंगी, बासरी अन् मादल नावाचा ढोल वाजायला लागला, आणि अख्खं गाव चिडीचूप.

तेवढ्यात आमचे चुलते नाना उठले. खुशीत मूठभर भंडारा थेट वादकांवर! मग सगळ्यांनीच उधळला. बासरीवाला शिंकून बेजार, सारंगीच्या तारांवर हळदीचा थर. पहिल्याच धुनेत कार्यक्रम बंद.

"नाना, वाद्यं खराब केलीत की!"

"आरं, देवाच्या दारातनं पाव्हण्याला कोरडं धाडू व्हय?"

सारंगीवाला फडक्यानं तारा पुसत होता. मी माफी मागायला गेलो, तर हिंदीत म्हणतो, "थोडा भंडारा घरी न्यायला मिळेल?"

नानांनी पिशवीच भरून दिली. आता मी चिडू तरी कुणावर, सांगा!