मागच्या दारानं मामा

पोटात कावळे कोकलत असताना आमच्या थोरल्या मामांच्या मागून चालत राहणारा माणूस एक तर साधू असावा, नाहीतर सख्खा भाचा. मी भाचा, त्यामुळं सुटका नव्हती. नगर जिल्ह्यात जिथं म्हणून सर्व्हिस मोटार थांबे, तिथली चांगली खानावळ हुडकून काढणं हे आपलं जन्मकार्य आहे, अशी मामांची खात्री होती. बरं, कुणाला विचारतील तर शपथ! "भुकेल्याची साक्ष खरी नसते. आणि खानावळ पुढून बघायचीच नसते, मागून बघायची," असं म्हणून ते गल्लीला वळसा घालत, मागच्या दारानं थेट चुलीपाशी जात आणि झाकण उचलून वास घेत. चाखणं नाही, नुसता वास! तेवढ्यावर मिठाचा निकाल देत. भिंगारला त्यांनी एकामागून एक खानावळी नापास केल्या आणि शेवटी आम्ही डबलरोटी चावत परत आलो. राहुरीच्या बाईनं तर उलथनंच उगारलं. "आवो, कोन तुमी? म्होरून या की! हितं काय चोरी करायची हाय व्हय?" मामा शांतपणे म्हणाले, "पिठलं झकास, पण मीठ राहिलंय." बाईनं बोट बुडवून चाखलं आणि आम्हाला एकेक भाकरी जास्त वाढली.

लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर होती, आणि आम्ही काही जेवायला हिंडत नव्हतो. ताईसाठी स्थळं बघत होतो. वडिलांना दमा, म्हणून मामा आणि मी. लग्न ठरेपर्यंत मुलाच्या घरी जेवायचं नाही हा आमचा शिरस्ता, म्हणून या खानावळी. राहुरीकरांना ताई सावळी वाटली, संगमनेरकरांना पत्रिका जुळेना. आई देवापुढं बसून डोळे पुसायची. ताई उलट तिचीच समजूत घाली, त्याचंच मला जास्त वाईट वाटे. आता काष्टीचं स्थळ होतं, मुलगा शाळामास्तर. निघताना आई मामांना म्हणाली, "दादा, एवढं एक जमवून आण."

काष्टीला आगगाडीतून उतरलो, तर तो बाजाराचा दिवस नव्हता. खानावळ राहू द्या, भज्याची कढईसुद्धा कुठं दिसेना. मामा उपाशी! मुलाच्या घराशी आलो, आतून फोडणीचा वास आला, आणि मी "मामा, दार इकडं" म्हणेपर्यंत मामा वळसा घालून पसार. सवय, दुसरं काय! मी धावलो. बघतो तर मामा कोट-टोपीसकट सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात, आणि आमटीवरचं झाकण त्यांच्या हातात. मुलाची आजी कडाडली, "शिवलात! अहो, नैवेद्य व्हायचाय अजून! सगळा स्वयंपाक ओवळा केलात!"

गेलं, हेही स्थळ गेलं! मला ताईचा चेहरा दिसायला लागला. मामा पांढरेफटक पडले, पण जीभ आवरेल तर ते मामा कसले? "आजी, चुकलो. पण आमटीत मीठ नाही हो."

नैवेद्याआधी कुणी चाखत नसतं, पण ती आमटी आता देवाची राहिलीच नव्हती. आजींनी रागारागानं थेंबभर तळहातावर घेतली, चाखली आणि सुनेकडं बघितलं. मुलाची आई पदरात तोंड लपवून रडायलाच लागली. "सकाळपासून चित्त थाऱ्यावर नाही माझं. मास्तरला कुणी मुलगी देईना. हेही लोक परत गेले तर?"

आजींनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या खो खो हसल्या. "अगं, अळणी नैवेद्य जाणार होता! देवानंच धाडलं म्हणायचं ह्या बाबाला." तोवर गलका ऐकून मुलगा विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानं घागर घेऊन आला. "आई, तू बस. डाळ मी शिजत घालतो," म्हणाला. मामा माझ्या कानाशी लागले, "घर मागून बघितलं. पोरगी सुखात राहील." माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथंच परसात फतकल मारून हसत सुटलो.

लग्न झालं. पुढं मामा यायचे असले की ताई आमटीत मुद्दाम मीठ घालत नसे. मामा परसदारी, उंबऱ्याबाहेर उभे राहून नाक वर करीत. "पोरी, मीठ!" मग ती चिमूट टाकी आणि दोघं हसत.

मामा गेले त्या वर्षी मी काष्टीला गेलो होतो. आमटी अळणी होती. मी मुकाट्यानं भुरकली, मेहुण्यांनीही. शेवटी ताई पानावर बसली, पहिला घास घेतला आणि परसदाराकडं बघत राहिली.

"अरे," ती म्हणाली, "आता सांगायलाच कुणी नाही का रे?"