सरळ जोडलेली केबल

मीटरचा काटा अडतीसवर होता. तो दोनच्या खाली यायला हवा होता. वार मंगळवार, महिना मे, गाव पवनी, आणि मीटर हातात धरून घामाघूम उभा असलेला माणूस म्हणजे मी.

"काय म्हणते तुझा काटा?" मॅनेजर सोनकुसरे साहेबांनी दारातूनच विचारलं. ते आत येत नसत. मशीनच्या खोलीत जोडे काढून यावं लागे आणि साहेबांच्या बुटांना लेस होती.

"अडतीस म्हणते, साहेब."

"चांगलं का वाईट?"

"वाईट."

"मंग कमी कर ना."

एवढं सांगून ते गेले. साहेबांचं मार्गदर्शन नेहमी मोजकं असे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी आमच्या विणकरांच्या सहकारी सोसायटीत नव्यानं लागलेला कॉम्प्युटर असिस्टंट होतो. सोसायटी सूत आणायची, रंगवायची आणि विणकरांना वाटायची. अडचण एकच होती. सुताचं एक रजिस्टर ऑफिसात, दुसरं अंगणापलीकडच्या गोडाऊनमध्ये. दोन्ही प्रामाणिक, पण एकमेकांशी बोलणं नाही. ऑफिसातून चिठ्ठी घेऊन विणकर गोडाऊनला जायचा आणि तिथं कळायचं की त्या नंबरचं सूत कालच संपलं. मग परत ऑफिस. तोवर घरी माग रिकामा. आमच्या बाबांचाच माग त्या उन्हाळ्यात चार दिवस असा बसला होता. त्या चार दिवसांत बाबा घरात जे बोलले, ते मी इथं लिहीत नाही.

यावर उपाय म्हणून कॉम्प्युटर आला होता. आज ज्याला सर्व्हर म्हणतात त्याला आम्ही मेन मशीन म्हणायचो. ती ऑफिसात. तिला जोडलेला एक स्क्रीन तिच्याशेजारी आणि दुसरा गोडाऊनमध्ये. डेटाबेस म्हणजे काय, हे मी बाबांना असं सांगितलं होतं: रजिस्टर एकच, ते मशीनच्या पोटात, आणि दोन्ही खोल्यांतून तेच उघडायचं. बाबा म्हणाले, "हे तं दोघायले एका खोलीत बसवूनही झालं असतं."

सुताच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकायला नागपूरच्या कंपनीचा इंजिनिअर शनिवारी येणार होता. त्याआधी जागा तयार हवी, असं कंपनीचं पत्र होतं. अर्थिंग दोन व्होल्टच्या आत. गोडाऊनचा स्क्रीन मेन मशीनला जोडलेला. आणि तिथं केलेली नोंद इथं दिसली पाहिजे. यातलं एकही कमी असलं तर सॉफ्टवेअर न टाकता मशीन जिल्ह्यातल्या दुसऱ्या सोसायटीला जाणार होती. त्या सोसायटीनं अर्थिंगचा खड्डासुद्धा खणून ठेवलाय, अशी बातमी साहेबांच्या कानावर होती. माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं.

"मशीन गेली तं तुझं काय काम?" साहेबांनी मला सरळच विचारलं होतं. "घरी माग आहेच."

माझी पात्रता म्हणाल तर बारावी सायन्स, दुसऱ्या प्रयत्नात, आणि नागपुरात तीन आठवड्यांचं ट्रेनिंग. घराण्यात मागावरून उठून खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. परत मागावर बसायचं नाही, आणि मशीन जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. बाकी मला काहीच माहीत नव्हतं.

तर अर्थिंग. जादा करंटला जमिनीत उतरायची वाट म्हणजे अर्थिंग. वाट नसली की तो करंट मशीनमध्येच घुटमळतो आणि एखाद्या दिवशी सगळं रजिस्टर पुसून टाकतो. वाट करण्यासाठी खोल खड्डा खणतात, त्यात तांब्याची प्लेट पुरतात, वरून कोळसा आणि मिठाचे थर देतात आणि पाणी सोडतात. ओली जमीन करंट लवकर घेते.

बुधवारी मी दोन मजूर लावून आठ फूट खणलं. प्लेट, कोळसा, मीठ, सगळं पुस्तकाप्रमाणे. काटा चौदावर आला. विहिरीचं पाणी ओतलं, काटा सहावर. मी खुशीत चहा पिऊन आलो तर पुन्हा चौदा. मेमधला मुरूम तो. पाणी ओतलं की कुठं जायचं कळत नसे. दुपारपर्यंत मी एकट्यानं किती बादल्या ओढल्या असतील, त्या मोजल्या नाहीत. हाताला फोड आले ते मात्र मोजले. पाच.

गोडाऊन सांभाळणारे गणपतकाका हे सगळं सावलीतून पाहत होते. गोडाऊनला लागून सुताची रंगशाळा, तीही त्यांच्याच ताब्यात.

"काहून रे मनोहर, एवढ्या उन्हात पाणी काहून वाया घालून राहिला?"

"जमीन ओली पाहिजे, काका. अन् खारट पाहिजे."

काका सावलीतून उठून नालीपाशी आले. मग म्हणाले, "माझ्या हौदातलं पाणी रोज नालीत जाते. रंग पक्का बसावा म्हणून त्यात मीठ पोत्यानं टाकतो मी. तुले कोणतं खारट पाहिजे?"

मी बादली खाली ठेवली. सकाळपासून मी त्या नालीवरून उड्या मारत खड्ड्याकडे जात होतो.

संध्याकाळपर्यंत आम्ही नालीचं तोंड खड्ड्याकडे वळवलं. गुरुवारी सकाळी रंगशाळेचं पाणी सुटलं. आधी लाल, मग निळं, आणि मग कशाचं तरी जांभळं. काटा दीडवर येऊन बसला आणि तिथंच राहिला. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी बोललोच होतो, कमी कर."

आता केबल. ऑफिस ते गोडाऊन चाळीस मीटर. कंपनीनं केबलचे दोन तुकडे पाठवले होते, प्रत्येकाच्या एका टोकाला प्लग, दुसरं टोक मोकळं. मोकळी टोकं मधोमध, रंगशाळेच्या भिंतीवरच्या लाकडी पेटीत जोडायची होती. केबलच्या आत केसांसारख्या बारीक नऊ तारा, नऊ रंगांच्या. माझ्या पाच फोडांनी त्या धरवेनात. तेव्हा मी बाबांना बोलावलं.

मागावरच्या उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडावा लागतो. शेकडो धागे, आणि एकही इकडचा तिकडे होता कामा नये. या कामात पवनीत बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आले, तारा पाहिल्या आणि म्हणाले, "नऊच? आण राख."

"राख कायले?"

"बोटाले लावाले. त्याबिगर पीळ कसा बसते?"

"बाबा, तांब्याची तार आहे. राख नाही चालत."

"मंग कायचं शिकून आला तू," असं पुटपुटत त्यांनी जोडायला घेतलं. पांढऱ्याला पांढरी, हिरव्याला हिरवी. अर्ध्या तासात नऊ गाठी, सगळ्या एका मापाच्या. मी एकेकीला टेप लावला. इतका देखणा सांधा मी नंतर पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

शुक्रवारी सकाळी मशीन सुरू केली. ऑफिसच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली. गोडाऊनमध्ये धावत गेलो. तिथं काळ्या पडद्यावर एक हिरवी खूण उघडझाप करत होती. बस. नाव टाइप केलं, काही नाही. बटणं जोरात दाबली, तरी काही नाही. प्लग काढून पुन्हा लावले. प्रत्येक तार मीटरनं तपासली. नऊच्या नऊ अखंड. सगळं बरोबर होतं, आणि काहीच चालत नव्हतं.

साहेब अंगणात येऊन उभे राहिले. "उद्या दहाच्या बसनं इंजिनिअर येऊन राहिले," ते म्हणाले. या वेळी मार्गदर्शनही केलं नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

दुपारी मी बाबांना गोडाऊनच्या स्क्रीनसमोर बसवलं. मी ऑफिसातून एकेक सेटिंग बदलायचं आणि तिकडे काही दिसलं का ते त्यांनी सांगायचं. प्रत्येक वेळी चाळीस मीटर उन्हात पळण्याची ताकद आता माझ्यात नव्हती. पुढेमागे तिसरा स्क्रीन आला तर असू दे, म्हणून केबलबरोबर एक रिकामा पाइपही टाकलेला होता. त्यातून आवाज चांगला जायचा. तोच आमचा टेलिफोन.

मी सेटिंग बदललं आणि पाइपला तोंड लावून विचारलं, "दिसलं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मी जोरात विचारलं. चौथ्या-पाचव्या वेळी बाबाच अंगण ओलांडून आले. डोक्यावर दुपट्टा, चेहरा लाल.

"काय गा, केवढ्यानं बोंबलून राहिलो मी. नाही दिसलं, नाही दिसलं."

"मीपण विचारूनच राहिलो होतो, बाबा."

"तूही तोंड लावते, मीही तोंड लावतो. मंग आयकते कोण? एकानं कान लावला पाहिजे का नाही?"

मी पाइप तसाच धरून उभा राहिलो. मग बॅगेतून ट्रेनिंगची वही काढली.

त्या प्लगमध्ये दोन नंबरच्या, म्हणजे पांढऱ्या तारेवरून मशीन बोलते आणि तीन नंबरच्या, म्हणजे हिरव्या तारेवरून ऐकते. पलीकडचा स्क्रीनही दोनवरून बोलतो, तीनवरून ऐकतो. आम्ही दोनला दोन आणि तीनला तीन जोडली होती. म्हणजे तोंडाला तोंड आणि कानाला कान. दोघं सकाळपासून जिवाच्या आकांतानं बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं. (आमची ही हा किस्सा ऐकला की म्हणते, तुमची तीन नंबरची तार घरात अजून जोडायचीच राहिली आहे.)

खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. वहीत केबलची आकृती होती. नऊ सरळ रेघा, पट्टीनं मारलेल्या. पण दोन आणि तीनच्या मधे, कागद उजेडात धरला तर, खोडलेल्या दोन रेघांची फुली दिसत होती. मास्तरांनी फळ्यावर त्या दोन रेघा एकमेकींवरून नेल्या होत्या. मला वाटलं, मास्तर घाईत आहेत, रेघ वाकडी गेली. विणकराचा मुलगा मी. ताण्यात धागा धाग्यावरून गेलेला पाहिला की माझा हात आपोआप शिवशिवतो. मी रबर घेऊन मास्तरांची चूक सुधारली होती.

बाबांना पेटीपाशी नेलं. "पांढरी हिरवीले जोडा, अन् हिरवी पांढरीले."

"काहून?"

"जोडा तं खरं."

"धागा धाग्यावरून न्याचा? तुटते तो. चाळीस वर्षात नाही नेला मी."

"हे माग नाही, बाबा. इथं नेल्याबिगर चालत नाही."

"मंग तूच ने."

मी हाताचे फोड पुढे केले. ते बराच वेळ त्या पांढऱ्या गाठीकडे पाहत राहिले. मग गाठ सोडली. दोन तारा एकमेकींवरून नेल्या, पीळ दिला, आणि हात धुवायला निघून गेले.

गोडाऊनच्या पडद्यावर अक्षरं आली, पण भलतीच. चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादा आकडा. याला मात्र मी घाबरलो नाही. केबल लांब असली की मशीनला हळू बोलायला लावायचं असतं, आणि वहीतल्या त्या पानावर मी रबर चालवलं नव्हतं. वेग कमी केला. पडद्यावर एक शब्द स्वच्छ उमटला आणि त्यापुढे ती हिरवी खूण माझं नाव विचारत थांबली.

शनिवारी इंजिनिअर देशकर दहाच्या बसनं उतरले. खड्ड्यापाशी येऊन थबकले. त्या दिवशी पाणी हिरवं होतं.

"हे काय आहे?"

"अर्थिंग, सर."

त्यांनी मीटर लावला. दीड. मीटर हलवून पाहिला. दीड. कागदावर टिक केली आणि खड्ड्याला वळसा घालून ऑफिसात शिरले.

मग ते ऑफिसच्या स्क्रीनसमोर बसले. टेस्टचा एक छोटा प्रोग्राम सुरू केला आणि म्हणाले, "गोडाऊनमधून काहीही नोंद करायला सांगा." गणपतकाकांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत नोंद केली. सोनकुसरे साहेब दारात होते. मग त्यांनी खाली वाकून लेस सोडली, बूट काढले आणि आत आले. पहिल्यांदाच.

पडद्यावर ओळ आली. चाळीस नंबर, लाल, बारा गठ्ठे.

"बारा आहेत का तिथं खरंच?" साहेबांनी विचारलं. मी पाइपला तोंड लावलं आणि विचारलं. मग आठवणीनं कान लावला.

"बाराच," पाइपमधून आवाज आला.

देशकरांनी जाताना पेटी उघडून सांधा पाहिला. "सुरेख काम आहे. क्रॉसही व्यवस्थित केलाय. कुणी केलं?"

"मीच," बाबा म्हणाले. "पण पोट्ट्यानं सांगितलं म्हणून. माझं मत नव्हतं."

सॉफ्टवेअर त्याच दुपारी टाकलं गेलं. मशीन पवनीतच राहिली, आणि महिनाअखेर मी कायम झालो. पुढच्या वेळी बाबा चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा सूत एका फेरीत मिळालं. घरी येऊन ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरात ही मोठी शाबासकी. ती दोन तारांची गाठ मात्र त्यांना शेवटपर्यंत सलत राहिली. सोसायटीत आले की भिंतीवरच्या त्या पेटीकडे बोट दाखवून सांगायचे, आयुष्यात एकच धागा चुकीचा जोडला, तो तिथं आहे.

मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी मशीन बसवल्या. कुणाच्या आकृतीत वाकडी रेघ दिसली की अजूनही हात शिवशिवतो. पण आता आधी विचारतो. रबर नंतर.