बुधवारचा उपवास

दुसरबीडच्या रस्त्यावर एका मुसलमान बाईची खानावळ होती. नवरा वारल्यावर तिने एकटीने चालवली. सगळे तिला भाभी म्हणायचे. मी अकरा वर्षं तिथे भाकरी थापल्या.

तिथली रीत अशी की मटण गिऱ्हाइकाने आपलं आणायचं, भाभी मसाला घालून शिजवून देणार. एकावेळी सात-आठ जणांचे गंज, म्हणजे पातेली, चुलीवर असायचे. सरमिसळ नको म्हणून प्रत्येक झाकणावर खडूने नाव लिहायचं. भाभीला मराठी लिहिता येत नव्हतं, मी चौथी शिकलेली, म्हणून ते काम माझं. कोणत्या गंजात कोणाचं मटण, हे भाभीपेक्षा मला जास्त ठाऊक.

मग सुनेच्या मोबाईलवर ती बातमी आली. कुठल्या तरी देशातल्या हॉटेलात माणसाचं मांस सापडलं म्हणून एक बाई ओरडून सांगत होती. गावाचा पत्ता नाही, हॉटेलाचा नाही. दोन दिवसांनी तीच बातमी फिरून आली, तेव्हा खाली कोणीतरी लिहिलं होतं की आपल्या रोडवरच्या खानावळीतही हेच चालतं. रोडवर खानावळ एकच.

गिरणीवर दळण घेऊन गेले तर बायांनी घेरलं.

“काकू, तुमी तं रोज तिथं असता. काई दिसलं का हो तुमाले?”

“बोटंबिटं?” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मला एरवी कोणी काही विचारत नाही. त्या दिवशी गिरणीवालाही हातातलं काम सोडून ऐकत उभा राहिला. मला बरं वाटलं. मटण तुमचेच नवरे आणून देतात, एवढं बोलले असते तर विषय तिथेच संपला असता, आणि माझ्याकडे बघणंही. मी म्हणाले, “मी भाकरीच्या चुलीकडं तोंड करून बसतो. मांगं काय शिजते, कोन जाने बाई.”

दिवस मावळायच्या आत गावभर झालं की भाकरीवालीच असं म्हणते. गिऱ्हाईक तुटलं. जी माणसं स्वतः खाटकाकडून पिशवी भरून आणत होती, तीही येईनात.

पुढच्या बुधवारी भाभीने स्वतः मटण आणून शिजवलं. समोरच्या पानटपरीवरच्या माणसांना बोलावून ओट्यावर बसवलं आणि ताट माझ्यापुढे ठेवलं.

“दीदी, यायच्यासमोर दोन घास खा तुमी. तुमी खाल्लं का मंग कोनी बोलनार नाई.”

खाल्लं असतं तर गिरणीवरचं बोलणं खोटं ठरलं असतं. मी म्हणाले, “आज उपास हाये मले.”

“बुधवारी कोन्ता नवा देव काढला काकू?” एकजण म्हणाला. दुसरा उठत म्हणाला, “भाकरीवालीच खात नाई, मंग आपुन काऊन खावं?” हसतच सगळे गेले.

माझे उपवास सोमवार आणि चतुर्थी. अशा दिवशी भाभी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात शेंगदाणे उकडून ठेवायची. तिने ताट उचललं आणि आत गेली. मी तशीच बसून राहिले. भाकरी थापायला त्या दिवशी पीठही मळलेलं नव्हतं.

महिन्याभरात खानावळ बंद झाली. भाभी लोणारला भावाकडे गेली.

त्यानंतर एकदा मी गिरणीवर सगळ्यांदेखत बोलले, “मी खोटं बोललो होतो. मटन बोकडाचंच राहे. मी डोळ्यानं पाहे.”

बोटांची गंमत करणारी बाई आपला डबा पुढे सरकवत म्हणाली, “आमाले का माहीत नाई काकू? आमच्याच घरचा मानूस तं नेत होता.” आणि गिरणीवाल्याला म्हणाली, “गहू जरा बारीक दळजो.”

त्यांना माहीतच होतं. मग सांगायचं राहिलं ते फक्त भाभीला. लोणारची एसटी आमच्या दारावरून जाते. मी अजून तिच्यात बसलेली नाही.