कुत्रेमास्तर आणि आमचा उंबरा

मला लिहिता येतं ते परीक्षेपुरतं. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिलाच, त्यामुळे छापील पानावर कुणाबद्दल काही सांगण्याचा हक्क आपल्याला आहे असं अजून मनाला वाटत नाही. ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो फक्त आठ दिवस आमच्या अंगणात राहिला. त्याचं घर मी पाहिलेलं नाही. वाचणाऱ्यांनी उणं-अधिक पोटात घालावं. पण गेल्या आठवड्यात आबांचं पत्र आलं, तेव्हापासून वसतिगृहाच्या खोलीत एका जागी बसवत नाही. येरझारा घालण्यापेक्षा लिहिलेलं बरं, एवढंच.

त्याला आमच्या प्रकाशा गावात सगळे कुत्रेमास्तर म्हणत. आधी चेष्टेनं, मग तेच नाव झालं. तो काठी गावाकडच्या डोंगरातला भिल्ल. वयानं आबांएवढा, काटक, आणि सारखी मान वळवणारा. बसण्याआधी, भाकरी मोडण्याआधी, कुणाला उत्तर देण्याआधीसुद्धा तो चिमूटभर धूळ उचलायचा, बोटांतून सोडायचा आणि ती कुठल्या बाजूला जाते ते बघायचा. पारावरची माणसं विचारायची, मास्तर, पाऊस कधी? तो गंभीरपणे सांगायचा, "पानीनं माले नई समजत. आपला वास कोनाकडे जास, ते देखस."

त्याच्याशी आमचा संबंध आला तो भुऱ्यामुळे. तापीच्या वाळूत आमची टरबुजांची वाडी असते. रानडुकरं आणि कोल्हे यांच्यापासून ती राखायला कुत्रं लागतं, आणि भुऱ्यासारखं कुत्रं पंचक्रोशीत नव्हतं. पण डुक्कर कोणतं आणि नदीवर अंघोळीला निघालेला यात्रेकरू कोणता, हा भेद तो करत नसे. श्रावणात त्यानं एका म्हाताऱ्या यात्रेकरूची पोटरी फोडली. गावानं आबांना बजावलं की पुन्हा असं झालं तर कुत्रं जिवंत ठेवायचं नाही. तेव्हा कुणीतरी या माणसाचं नाव सांगितलं. तो कुत्री आपल्या झोपडीपाशी चार महिने ठेवून घेई आणि माणसाला न चावता नुसतं अडवून उभं राहायला शिकवी. स्वतःचं कुत्रं त्यानं एकही ठेवलं नव्हतं. ठेवलं तर आपण परके आहोत हे बाकीच्यांना कळतं, असं त्याचं म्हणणं.

पौषात तो भुऱ्याला घेऊन पायी आला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि नाताळच्या सुट्टीत घरी आलो होतो. मायनं भुऱ्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि आबा त्या माणसाला निरोप द्यायला लागले. तो जागचा हलला नाही. म्हणाला, काम अर्धंच झालं आहे. "कुत्राले चार महिना लागतस. घरले आठ दिन. पन घरच कठीन."

त्याचे नियम आम्हांला विचित्र वाटले. भुऱ्याला लाडानं हाका मारायच्या नाहीत. आधी मी त्याला वाडीच्या चारी बाजूंनी फिरवून आणायचं, मग मायनं स्वतःच्या हातानं भाकरी द्यायची. तो स्वतः मात्र आता त्याला घासभरही देणार नव्हता. पूर्वी भुऱ्या आमच्या चुलीच्या खोलीच्या दाराशी झोपे, म्हणून भाकरी तिथेच ठेवायची असं ठरलं.

आणि भुऱ्या घरात येईना. अंगणातून ओट्याच्या तीन पायऱ्यांपर्यंत येई, तिथे थांबे, मागे वळे, पुन्हा येई. दिवसभर तेच. माय चुलीपाशी भाकरी घेऊन हाका मारी, तो शेपूट हलवी, पण पायरीवर पंजा ठेवत नसे. खाली भाकरी टाकली तर हुंगून दूर होई. दुसऱ्या दिवशी मायच्या डोळ्यांत पाणी आलं. मन्हा हातनी भाकर त्याले नको, असं ती सारखी म्हणू लागली. माझीही गत फार वेगळी नव्हती. वसतिगृहातून आल्यापासून मला खाटेवर झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, घरातलं बोलणं ओळखीचं असूनही मी उत्तर शोधत राही. आबांनी आम्हां दोघांकडे बघून सांगून टाकलं, "दोन्ही शिकीसन उनात, आन दोन्ही जेवत नईत."

तिसऱ्या दिवशी भुऱ्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. आबा म्हणाले, उद्यापर्यंत वाट पाहू, नाहीतर कुत्रं डोंगरात परत जाऊ दे. उपाशी कुत्रं पिसाळलं आणि पुन्हा कुणाला चावलं तर गाव ऐकणार नाही. मास्तरला ते सोपं होतं. भुऱ्याला घेऊन तो निघून जाऊ शकला असता, आणि माझी खात्री आहे की त्याला ते आवडलंही असतं. पण तो नुसता निंबाखाली बसून धूळ सोडत राहिला. काय चुकतं आहे ते त्याला कळलं होतं, असं मला आज वाटतं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

ते मायला कळलं. चौथ्या दिवशी दुपारी ती नेहमीप्रमाणे मास्तरचं जेवण पळसाच्या पानावर घेऊन अंगणात गेली. आमच्या घराच्या रीतीप्रमाणे त्याचं जेवण अंगणात, पाणी वरून ओंजळीत. तो पायऱ्यांच्या खाली बसे. भुऱ्या त्याच्या शेजारी, त्याच रेषेत. माय पान खाली ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. मग पान हातात घेऊन सरळ झाली.

"तो तुन्हा पायवर पाय ठेवस," ती म्हणाली. "तू पायरीना खाले बठस, म्हनीसन तो बी खाले. तू घरमा ये, मंग तो येई."

"नई माय. मी खाले बरा," तो म्हणाला. बोलला मायशी, पण बघत होता ओट्यावर बसलेल्या आबांकडे.

मीही ओट्यावरच होतो. माणसं सारखी असतात, यावर त्याच वर्षी कॉलेजात मी निबंध लिहिला होता आणि तो वर्गात वाचून दाखवला गेला होता. त्यातलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. मी आबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आबांनी पागोटं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि वावराकडे निघून गेले. हो म्हणणं त्यांना जमलं नाही. नाही म्हणणंही जमलं नाही.

मास्तरनं चिमूटभर धूळ सोडली. मग तीन पायऱ्या चढून, डोकं वाकवून तो उंबऱ्याच्या आत आला आणि चुलीच्या दाराशी भिंतीला पाठ न लावता बसला. भुऱ्यानं एक पंजा पायरीवर ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला. आत आल्यावर त्यानं आधी मास्तरकडे बघितलं. मास्तरनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मायच्या हातातली भाकरी भुऱ्यानं अर्धी खाल्ली, अर्धी टाकली. मायला तेवढं पुष्कळ झालं. त्याच दाराशी मास्तर पळसाच्या पानावर जेवला. त्या दिवशी मीही दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढचे चार दिवस तो रोज थोडा थोडा वेळ आत बसे आणि भुऱ्याला आत ठेवून बाहेर पडे. आठव्या दिवशी निघाला. मी सुचवलं की भुऱ्याला वाडीवर घेऊन जातो, तेवढ्यात तुम्ही निघा. त्याला ते पटलं नाही. "चोरीसन गया तं तो रोज वाट देखी. सांगीसन जावानं." त्यानं भुऱ्याला मायजवळ बसवलं, त्याच्या कानाशी आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि सरळ तळोद्याच्या वाटेला लागला. मागे वळून बघितलं नाही. भुऱ्या थरथरत होता, घशातून बारीक आवाज काढत होता, पण उठला नाही. मायचा हात त्याच्या मानेवर होता. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. एरवी मी माय पाणी भरायला गेली की गडबडीनं निघायचो. त्या वर्षापासून मी तिच्यासमोर बसून, सांगून निघतो.

भुऱ्यानं त्यानंतर कुणाला दात लावला नाही. मास्तर पुन्हा आमच्या घरी आला नाही. मला त्याचा थोडा रागही होता.

आबांचं पत्र गावच्या शाळामास्तरांच्या अक्षरात असतं. या वेळचं पत्र असं. नदीवरच्या नावाड्यानं आबांना विचारलं की तुमच्याकडचा तो डोंगरातला माणूस यंदा पौषात कसा आला नाही. आबांना काही कळेना. तेव्हा नावाड्यानं सांगितलं की गेली दोन वर्षं तो माणूस पौषात येई, नावेत बसून पैलतीरी जाई, अर्धा दिवस आमच्या वाडीकडे बघत बसे आणि परत फिरे. हिवाळ्यात वारा डोंगराकडून येतो. अलीकडच्या काठावर थांबला असता तर त्याचा वास भुऱ्याला लागला असता. घरी का जात नाहीस, असं नावाड्यानं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मी दिसनू तं तो परत पायरीना खाले बठी." आबांनी तळोद्याच्या बाजारात चौकशी केली. मास्तर गेल्या पावसाळ्यातच तापानं गेला होता.

दोन्ही वर्षी नाताळात मी घरी होतो. वाडीवर भुऱ्याबरोबर होतो. पलीकडच्या काठावर कुणीतरी बसलेलं मला दिसलंही असेल.

पत्राच्या शेवटी, सहीच्या जागी आबांचा अंगठा आहे, आणि त्याच्या वर त्यांनी शाळामास्तरांकडून मुद्दाम घालून घेतलेली एक ओळ: तो घरी आला असता, तर या वेळी मी वावरात निघून गेलो नसतो.