कर्णिकबाईंचं बाकडं

सुनीती कर्णिकबाईंना देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या: देह आणि आवाज. आवाज मुलींच्या शाळेत उपयोगी पडे. देहाची सोय मात्र बाईंनाच पाहावी लागे. घरी यजमानांचं, माधवरावांचं, पथ्य, म्हणून बारा महिने दुध्या. त्यामुळे शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाई कामतघरच्या रस्त्यावर हसनभाईंच्या हॉटेलात जाऊन खिमा-पाव खात. एकट्या. ऐंशीच्या दशकातल्या भिवंडीत हे मोठं धाडस होतं; पण तसं बाईंना कोणी कळवलं नव्हतं.

त्या दारात दिसल्या की हसनभाई गल्ल्यावरून ओरडत, "फॅमिली आत!" आत म्हणजे पडदे लावलेली प्लायवुडची खुराडी. बाक भिंतीला ठोकलेला, टेबल जमिनीला. मधली जागा एखाद्या उपाशी माणसाचं माप घेऊन सोडलेली. एका शनिवारी बाई आत शिरल्या, खिमा खाल्ला, आणि खिम्यासकट बाहेर निघेनात. वेटरांनी टेबल उचकटलं तेव्हा सुटका झाली.

पुढच्या शनिवारी बाई थेट खिडकीजवळच्या, पंख्याखालच्या लांब बाकड्यावर जाऊन बसल्या.

"बाई, फॅमिली आत."

"फॅमिली घरी दुध्या खातेय, हसनभाई. मी एकटीच आलेय."

"तसं न्हाय ओ. आता शिफ्ट सुटंल. लूमवाले लेडीजसमोर बसायचे न्हाईत, माझा धंदा बसंल. आज बघू. समोर कोनी बसला न्हाय, तर पुढच्या वेळेपासून पार्सल."

"मंजूर," बाई ऐटीत म्हणाल्या. पण मनात हिशेब चालू होता. पार्सल म्हणजे माधवरावांच्या नाकासमोर खिमा सोडायचा! त्यापेक्षा दुध्या बरा.

शिफ्ट सुटली. केसांत कापूस घेऊन यंत्रमागांवरचे लूमवाले आले आणि बाईंना बघून दारातच थबकले. समोरचं बाकडं रिकामं. हसनभाईंनी भुवया उडवल्या. लूमवाले कुजबुजू लागले. पण दिवसभर लूमच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्यांची कुजबुज ती, पार शेलार गावापर्यंत ऐकू जावी.

"मास्टरनी लगती है!"

"तू बैठ पहले!"

"मैं क्यों? तू बैठ!"

बाईंनी पाव खाली ठेवला. "खड़े क्यों हो? बैठो!"

रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबली. माणसं रांगेनं बसली. एकानं तर हाताची घडी घातली. बाईंनी टेबलाच्या मधोमध पाण्याचा जग आणि मिठाची डबी मांडली. "ये सरहद. कोहनी अपनी-अपनी तरफ." कोणाचं कोपर हललं नाही. हसनभाईंनी स्वतःच्या हातानं जादा पाव आणून ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "पंखा वाढवू का, बाई?"

हे सगळं पडद्याआडून एका लूममालकाच्या बेगम, जमिलाभाभी, बघत होत्या. देहानं त्याही बाईंच्याच तोडीच्या. पुढच्या शनिवारी नवऱ्याला खुराड्यात सोडून त्या बाहेर आल्या. "सरका हो बाई, जरा." बाई सरकल्या, पण दोघींच्या मध्ये लगेच मिठाची डबी ठेवून.

त्या दिवशी जमिलाभाभींनी कलेजी मागवली होती. बाईंचा खिमा संपला. नजर डबीपलीकडे गेली, नजरेमागून हात, आणि हातामागून कोपर.

"कोहनी!" समोरचं अख्खं बाकडं एका सुरात गरजलं.

बाईंनी मुकाट्यानं कोपर मागे घेतलं. कलेजीचा तुकडा त्याच्याबरोबर आला.