पुजलेल्या पेटीची नक्कल

खंडेनवमीला आमच्या निपाणीकडं यंत्र पुजतात आणि दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. मी ज्या दवाखान्यात कॉम्प्युटर बघते, तिथं सर्व्हरसुद्धा पुजतात. हसू नका. सणाला पेशंट कमी, म्हणून मीच तो नीट बंद करून देते. कोर्स-बिर्स काही केला नाही मी, चुकतमाकत शिकले.

यंदा दसऱ्यानंतर सर्व्हर चालू केले, तर सगळे स्कॅन गायब. आमचे दोन सर्व्हर डिस्कांची एकच पेटी वापरतात, स्कॅन तिथंच असतात. शोधाशोध केल्यावर सर्व्हर सांगतोय, डिस्क दिसते, पण ही मूळ नव्हे, हिची नक्कल असावी, म्हणजे स्नॅपशॉट. म्हणून जोडत नाही.

नक्कल? मग मूळ कुणी नेलं?

बाहेर बाकावर बोरगावची एक आक्का बसलेली. गेल्या वर्षी तिच्या छातीत डाग दिसला होता. आता नवा स्कॅन झालेला. जुना शेजारी ठेवून डाग वाढला का ते बघायचं, आणि जुना नसेल तर सुई घालून तुकडा काढायचा. तिच्याजवळची जुन्या स्कॅनची सीडी चालेना. डॉक्टर बेळगावहून आलेले, दुपारी परत जाणार.

मला आठवलं, सणाआधी पिरनवाडीचा एक विक्रेता नवी पेटी खपवायला आला होता. ‘जुनी बघून घेतो’ म्हणत सर्व्हरच्या खोलीत एकटाच थांबलेला. लावला त्याला फोन.

“मावशी, फॉरमॅट मारा. सुरळीत चालंल.”

फॉरमॅट म्हणजे सगळंच पुसायचं की! माझा संशय आणखी घट्ट झाला. पाठीमागं व्यवस्थापक अण्णा उभे. “ऐका की त्याचं, ताई. नवी घ्यायचीच हाय आपल्याला.” मग मला अण्णांचाही संशय यायला लागला.

सर्व्हर तीन वाटा विचारत होता: डिस्कची जुनी ओळख ठेवू, नवी देऊ, की फॉरमॅट करू? जुनी ठेवावी, तर हिची जुळी खरोखरच कुठं जोडलेली असली म्हणजे दोघींचा गुंता. मी कशालाच बोट लावलं नाही. आधी पेटीला कोण शिवलं ते बघायचं.

बॅटरी घेऊन पेटीच्या मागं वाकले. कुंकवाची बोटं रिकाम्या भोकांवर, आणि तारा भलत्याच भोकांत! पूजा कॅशियरबाईंनी केलेली. त्यांना हाक मारली.

“पुसलीसा व्हय ही?”

“मग! तारा हुत्या तिथं कुंकू लावलं, तवा आतली धूळ दिसली, म्हणून तारा काढून पुसली. देवाम्होरं असली ठेवायची?”

“आणि तारा?”

“लावल्या की परत.”

“कुठल्या भोकात?”

“जिथं बसल्या तिथं! सगळी भोकं सारखीच की ओ.”

दिसायला सारखीच. पण दर भोकातून त्याच डिस्कला वेगळा नंबर पडेल असं आम्ही लावून ठेवलेलं. डिस्कवर लिहिलेली ओळख जुन्या नंबराची, समोर आला नवा, म्हणून सर्व्हरनं तिला नक्कल ठरवलं. मी तारा कुंकवाच्या जागी नेल्या, सर्व्हरला पुन्हा शोधायला लावलं. डिस्क आपल्या जुन्या नावानं जोडली गेली. तरी चार जणांचे स्कॅन उघडून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसेना.

डॉक्टरांनी आक्काचे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवले. “डाग तेवढाच आहे. सुई नको.”

आक्का हलली नाही. “हे माझंच कशावरनं? मघापास्नं कॉपी-कॉपी चाललंय तुमचं.”

मी नाव दाखवलं.

“नाव काय, कुणीबी लिवतंय.”

डॉक्टरांनी मग खांद्याजवळचं हाड दाखवलं. “हे कधी मोडलं होतं?”

“लगनाच्या आधी. गाडीतनं पडलोतो.”

“दोन्हींत बघा, त्याच जागी.”

तिनं आधी पडद्यावर बोट ठेवलं, मग पदराखाली स्वतःच्या हाडावर. बराच वेळ चाचपलं. मग पिशवी उचलली.

“व्हय, माझंच हाय. जातो मी, बोरगावची गाडी चुकंल.”