आराम म्हणजे बरं नव्हे

जबलपूरमधल्या आमच्या घमापूरच्या घरात मध्यंतरी एका शब्दावर बंदी होती: आराम. जो बोलेल त्यानं रात्रीची भांडी घासायची. कायदा माझा होता, आणि माझ्या जिभेचा पट्टा ठाऊक असल्यामुळे तो मोडायला कुणी धजत नसे.

कारण होते बाबा. विहारात रविवारची वंदना तेच म्हणायचे. एक ओळ ते म्हणत, मागून सगळे. आवाज असा खणखणीत की शेजारच्या गल्लीत कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. मग त्यांना टीबी झाला. गोळ्या सुरू झाल्या, थोड्याच दिवसांत खोकला थांबला, भूक परतली.

"आता आराम पडला न, मग गोळ्या काहून खायच्या?" म्हणत त्यांनी गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि पेढे वाटले. आमच्या जबलपुरी मराठीत ताप उतरला तरी आराम, रोग गेला तरी आराम. हिंदीच्या शेजारात दोन गोष्टींना एकच शब्द उरला होता, आणि बाबा नेमके तिथंच फसले.

पुढच्या वर्षी एका रविवारी त्रिशरण म्हणताना त्यांचा श्वास तुटला. लोक हात जोडून पुढच्या शब्दाची वाट पाहत बसले. शब्द आला नाही, खोकला आला, आणि रुमालावर रक्त. मी घाबरले. हा आवाज आता कायमचा गेला, असंच वाटलं.

नेपियर टाउनमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादाजी, आराम हुआ था. टीबी गई नहीं थी."

त्यांनी समजावून सांगितलं. वळवळणारे जंतू औषधानं आधी मरतात, म्हणून खोकला थांबतो. सुस्त पडलेल्यांना मारायला वेळ लागतो. औषध मध्येच सोडलं की तेच पुन्हा वाढतात, कधी कधी जुन्या गोळीला दादही देत नाहीत. पूर्ण उपचार घेतलेल्यालाही टीबी क्वचित उलटतो, कुणाला दुसऱ्याकडून नव्यानं लागतो. पण बाबांचं दुखणं उपचार अर्धवट सोडल्यामुळेच उलटलं होतं. थुंकी तपासली, कोणती गोळी लागू पडेल ते पाहिलं आणि नवे उपचार सुरू झाले.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे खाटेतले ढेकूणच की! वरचे मेले, सांध्यातले राहिले."

"अन् फवारणी तुम्हीच बंद केली," मी म्हटलं.

गोळ्यांनी मळमळायचं. जेवणावरची वासना उडायची. मधल्या काळात खोकला पुन्हा थांबला, तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. "पोरी, मला वाटून राहिलं, आता आ..."

"भांडी!" मी ओरडले. त्यांनी शब्द गिळला आणि त्यामागोमाग गोळीही. असं किती वेळा झालं, विचारू नका.

शेवटी तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडानं "अब ठीक हो गए" म्हटलं, तेव्हा कुठं मी हसले.

त्या रविवारी बाबा पुन्हा विहारात पुढं बसले. त्रिशरण सुरू झालं. आधीच्या वेळी तुटलेला शब्द जवळ आला तशी माझीच छाती धडधडू लागली. बाबांनी तो शब्द म्हटला, असा लांबवला की मागच्यांचा दम संपला, त्यांचा नाही. मी रडले, सगळ्यांदेखत.

वंदना झाल्यावर शेजारच्या काकू जवळ आल्या. "काय भाऊजी, आता आराम आहे न?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंती हलतील अशा आवाजात म्हणाले, "आराम नाही वहिनी, बरा झालो! बरा!"